दाताच्या दवाखान्यातला निळा दिवा

माझ्या दवाखान्यात खुर्चीच्या उजव्या हाताला एक काचेच्या दाराची पेटी आहे. आत निळसर उजेड आणि स्टीलच्या जाळीवर ओळीनं मांडलेले आरसे, प्रोब, चिमटे. नवीन पेशंटची नजर हमखास तिकडे जाते. परवा एका आजींनी तोंडातला कापूस काढता काढता विचारलं, "डॉक्टर, त्या दिव्यात जंतू मरतात ना? मग तो वर छताला का नाही लावत? सगळ्या खोलीतलेच मरतील."

मी हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आजींनी जे सुचवलं ते साधारण नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेत करून बघितलेलं आहे, आणि नीट केलं तर ते चालतं. ‘नीट’ म्हणजे काय, हे मात्र दिवे विकायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगता येतं.

आधी त्या पेटीचा गैरसमज काढून टाकतो. पेटीतली हत्यारं दिव्यामुळे निर्जंतुक होत नाहीत. ती ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांच्या दाबाच्या वाफेत, आधीच निर्जंतुक होऊन आलेली असतात. पेटी म्हणजे फक्त झाकून ठेवायची जागा. चिमट्याच्या सांध्यात, आरशाच्या मागच्या बाजूला, जिथे जिथे सावली पडते तिथे हा उजेड काहीच करत नाही. लाळेचा किंवा रक्ताचा पातळ थर वाळलेला असला, तरी त्याखालचे जंतू सुखरूप राहतात.

आता हा उजेड नक्की कसला? इंद्रधनुष्यात जांभळा रंग संपतो त्याच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारा अतिनील किरणांचा पट्टा सुरू होतो. त्याचे तीन भाग पाडतात: ए, बी आणि सी. ए आणि बी उन्हातून आपल्यापर्यंत पोचतात. कातडी रापते, भाजते ती त्यांच्यामुळे. सी, म्हणजे ज्याच्या लहरीची लांबी २८० नॅनोमीटरच्या खाली असते तो भाग (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा), वरच्या वातावरणातच अडतो. म्हणून गादीला किंवा वाळवणाला ऊन दाखवतो तेव्हा काम होतं ते ए, बी, उष्णता आणि कोरडेपणा यांच्या जोरावर. सी मिळवायचा तर दिवा लागतो: पाऱ्याची थोडी वाफ भरलेली क्वार्ट्झसारख्या खास काचेची नळी. तिच्यातून मुख्यत्वे २५४ नॅनोमीटरचा किरण निघतो. घरच्या पाण्याच्या फिल्टरवर ‘यूव्ही’ लिहिलेलं असतं, तो बहुतेक वेळा हाच दिवा. मार्सेय शहरात १९१० सालीच पिण्याच्या पाण्यासाठी तो वापरून झाला होता. नळीचा जो निळा रंग दिसतो तो पाऱ्याच्या दृश्य प्रकाशाचा. मारणारा किरण दिसतच नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

हा किरण जंतूला जाळत नाही. जंतूच्या डीएनएमध्ये थायमिन नावाचे दुवे असतात. त्यांतले दोन शेजारी शेजारी असले की किरण त्यांना एकमेकांत गुंतवतो. स्वेटर विणताना शेजारचे दोन टाके एकमेकांत अडकले की पुढची ओळ विणता येत नाही, तसंच. असे पुरेसे टाके अडकले की जंतूला स्वतःची नक्कल करता येत नाही, आणि ज्याला वाढता येत नाही त्या जंतूमुळे संसर्ग होत नाही. आरएनएवाल्या विषाणूंचंही, फ्लू असो की करोना, थोड्या फरकानं हेच होतं. किती टाके अडकतील ते किरणाची तीव्रता गुणिले वेळ यावर ठरतं. मंद उजेडात बराच वेळ किंवा प्रखर उजेडात थोडा वेळ, हिशोब सारखाच. क्षयाच्या जंतूला जरा जास्त मात्रा लागते, बुरशीच्या बीजाणूंना तर खूपच जास्त.

आता दाताच्या दवाखान्यातल्या हवेकडे येऊ, कारण आमची हवा इतर डॉक्टरांच्या हवेपेक्षा वेगळी असते. किडलेला दात कोरायचा एअरोटर मिनिटाला तीन ते चार लाख फेऱ्या घेतो आणि तो थंड राहावा म्हणून त्यावर सतत पाण्याचा फवारा चालू असतो. दात साफ करायच्या स्केलरचं टोक सेकंदाला साधारण पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं, त्यालाही पाणी. हे सगळं चालतं लाळेनं भरलेल्या तोंडात, आणि माझं नाक तिथून फूट-दीड फुटावर. उडतात त्यांतले मोठे थेंब माझ्या चष्म्यावर, फेसशील्डवर, पेशंटच्या छातीवरच्या कागदावर बसतात. शंभर मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) थेंब काही सेकंदांत खाली येतो. पाच मायक्रॉनच्या कणाला शांत हवेत खाली यायला अर्धा तास लागू शकतो, एक मायक्रॉनचा तर तासन्‌तास तरंगत राहतो. सकाळी खिडकीतून कवडसा पडतो तेव्हा त्यात नाचणारी धूळ दिसते. स्केलिंगनंतरच्या खोलीत तसाच नाच चालू असतो, फक्त कवडसा नसतो.

म्हणजे पेशंट उठून गेला, खुर्ची पुसली, नवीन ग्लास ठेवला, तरी आधीच्या माणसाची हवा खोलीतच असते. ती जाते कशी, याचा एक साधा हिशोब आहे. बादलीत नीळ कालवलेलं पाणी घ्या आणि ती नळाखाली धरा. एक बादलीभर नवं पाणी ओतून झालं म्हणजे निळं पाणी सगळं गेलं का? नाही. नवं-जुनं मिसळत जातं, त्यामुळे पहिल्या बादलीनं साधारण ६३ टक्के नीळ जाते, दुसरीनं उरलेल्यातली ६३ टक्के. खोलीच्या हवेचं हुबेहूब हेच होतं. तासाला खोलीभर हवा किती वेळा बदलते, तो आकडा महत्त्वाचा. तासाला २ वेळा बदलत असेल, तर तरंगणारे ९९ टक्के कण जायला १३८ मिनिटं लागतात. ६ वेळा बदलली तर ४६ मिनिटं, १२ वेळा बदलली तर २३.

आणि आपल्याकडच्या दवाखान्यांचं काय? रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद, वर स्प्लिट एसी. हा एसी खोलीतलीच हवा ओढून गार करून परत खोलीत सोडतो, बाहेरची हवा जवळजवळ आणतच नाही. गारवा येतो, आणि गारव्याला आपण ताजी हवा समजतो. २०२० च्या मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा वर्षानुवर्षं रंगानं चिकटलेल्या खिडक्या उघडायचा प्रयत्न केला. माझी एक खिडकी उघडताना तिची कडीच हातात आली.

अतिनील दिव्याचा खरा उपयोग इथे आहे. तो हवा बदलत नाही, पण हवेतला जंतू निकामी करतो. संसर्गाच्या दृष्टीनं हवा बदलल्यासारखंच झालं. म्हणून त्याचं माप ‘तासाला इतक्या वेळा हवा बदलण्याइतकं’ असं सांगतात. लवंगतेलाचा वास, ॲक्रिलिकचा भपका, धूळ, माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यातलं काहीही तो घालवत नाही. त्यासाठी खिडकी किंवा एक्झॉस्ट लागतोच.

या विद्येचा इतिहास मला फार आवडतो, त्यामुळे थोडं विषयांतर. १८७७ मध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी जंतूंना पोसणारं साखरेचं द्रावण नळ्यांत भरून काही नळ्या उन्हात आणि काही अंधारात ठेवल्या. अंधारातल्या गढूळ झाल्या, उन्हातल्या नितळ राहिल्या. पुढे कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांनी कातडीच्या क्षयावर प्रकाशानं उपचार केले, त्याबद्दल १९०३ चं नोबेल त्यांना मिळालं. पण हवेचा विचार पहिल्यांदा नीट केला तो अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम वेल्स यांनी. खोकल्यातून उडालेला बारीक थेंब हवेतच सुकतो आणि त्याचा उरलेला सुका कण जंतूसकट तरंगत राहतो, ही मांडणी त्यांची, १९३४ ची. मग त्यांनी फिलाडेल्फियाच्या आसपासच्या शाळांत वर्गांच्या वरच्या भागात दिवे लावले. १९४१ मध्ये गोवराची मोठी साथ आली तेव्हा दिव्यांच्या वर्गांत गोवर बराच कमी पसरला.

पुढच्यांनी तोच प्रयोग इतरत्र केला, आणि तो फसला. न्यूयॉर्क राज्यातल्या गावांकडच्या शाळांत मुलं वर्गात दिव्याखाली बसायची खरी, पण येता-जाता एकाच बसमध्ये कोंबून प्रवास करायची. दिवा वर्गात, गोवर बसमध्ये. डॉक्टरांचा उत्साह मावळला. माझ्या मते हा वैद्यकातला एक चटका लावणारा गैरसमज आहे: दिवा नापास झाला नव्हता, प्रश्नपत्रिका चुकली होती.

वेल्स यांचे शिष्य रिचर्ड रायली यांनी मग बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जे केलं त्याला तोड नाही. क्षयरोग्यांचा सहा खाटांचा एक वॉर्ड घेतला, त्याची सगळी हवा नळांमधून छतावरच्या एका खोलीत नेली, आणि तिथे शे-दीडशे गिनीपिग ठेवले. रुग्ण खाली, प्राणी वर, मधे फक्त हवा. वर्षानुवर्षं हे चाललं. महिन्याला सरासरी तीनेक गिनीपिगांना क्षय होत होता. तोपर्यंत क्षय हवेतून पसरतो हे असं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. मग त्यांनी प्राण्यांची दुसरी खोली केली. तिलाही त्याच वॉर्डातली हवा, फक्त वाटेत नळामध्ये अतिनील दिवे. त्या खोलीतल्या एकाही प्राण्याला क्षय झाला नाही.

त्याच सुमारास, १९५७-५८ च्या फ्लूच्या साथीत, कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या रुग्णालयात दिवे असलेल्या इमारतीतल्या रुग्णांपैकी २ टक्क्यांना फ्लू झाला, दिवे नसलेल्या इमारतींत १९ टक्क्यांना. तरीही दिवे अडगळीत गेले, कारण तोवर क्षयावर औषधं आली होती आणि १९६३ मध्ये गोवराची लसही आली. औषधांना दाद न देणारा क्षय डोकं वर काढू लागला तेव्हा लोकांना पुन्हा वर छताकडे बघावंसं वाटलं. पेरूमधल्या लिमा शहरात रायलींचाच प्रयोग नव्यानं झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत साध्या हवेतल्या ३५ टक्के गिनीपिगांना क्षयाची लागण झाली होती, वॉर्डाच्या वरच्या भागात दिवे लावल्यावरच्या हवेतल्या साडेनऊ टक्क्यांना. आपल्या सरकारनंही २०१० मध्ये, मुख्यतः क्षयाच्या चिंतेतून, रुग्णालयांतल्या हवेसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. करोनाकाळात चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेनं एसीच्या नळात बसणारी अतिनील यंत्रणा तयार केली आणि ती संसद भवनात बसवली गेली.

आता आजींच्या सूचनेतली दुरुस्ती. दिवा छताला लावायचा, पण त्याचा उजेड खाली पडू द्यायचा नाही. जमिनीपासून सात फुटांच्या वर भिंतीला तो बसवतात आणि पुढे काळ्या पट्ट्यांची दाट जाळी असते. त्यामुळे किरण आडवेच जातात आणि छताखाली उजेडाचा एक अदृश्य थर तयार होतो. माणसं खाली, किरण वर. मग खालचे जंतू मरतात कसे? तर दिवा हवेकडे येत नाही, हवेला दिव्याकडे जावं लागतं. माणसाच्या अंगाच्या उबेनं हवा आपसूक वर चढते, आणि मंद फिरणारा पंखा ती घुसळत राहतो. सगळी रचना या घुसळणीवर उभी आहे. हवा निपचित असेल तर वरची हवा शुद्ध आणि खालची होती तशीच.

हा वरचा थर किती कडक असतो पाहा. अशा थरात दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३० ते ५० मायक्रोवॉट इतकी तीव्रता ठेवतात. माणसाच्या डोळ्यांवर या किरणाची आठ तासांत मिळून जेवढी मात्रा पडलेली चालते, ती ६ मिलिज्यूल. भागाकार करा: ५० मायक्रोवॉटमध्ये दिवसभराचा कोटा दोन मिनिटांत संपतो. म्हणून खाली, डोळ्यांच्या उंचीवर, तीव्रता ०.२ मायक्रोवॉटच्या आत आहे ना हे मीटर लावून मोजायचं असतं. मोजल्याशिवाय दिवा लावून जाणाऱ्याला मी तरी पैसे देणार नाही.

मोजलं नाही तर काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या ओळखीच्या एका दवाखान्यात करोनाच्या दिवसांत चाकांच्या स्टँडवरची उघडी नळी आणली होती. ती खोली रिकामी असताना लावायची असते. एका संध्याकाळी मदतनीस मुलीनं ती चालू ठेवूनच वीसेक मिनिटं खोली आवरली. तिला वाटलं, निळा दिवाच तर आहे. त्या वेळी काहीच जाणवलं नाही. रात्री अकराच्या सुमारास डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायला लागलं, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. वेल्डिंगकडे चष्म्याशिवाय बघत बसणाऱ्याचं जे होतं तेच. दोन दिवसांत बरं वाटलं, कायमचं नुकसान झालं नाही, पण ती दोन रात्री झोपली नाही. आमच्या काचेच्या पेटीकडे मात्र खुशाल बघा. साध्या काचेतून हा किरण पार होत नाही.

दातांच्या डॉक्टरांच्या अडचणी अजून निराळ्या. इतर डॉक्टरांचा पेशंट बसलेला असतो, आमचा उताणा पडलेला असतो आणि त्याची नजर तासभर थेट छताकडे. त्यामुळे मीटर फक्त उभ्या माणसाच्या उंचीवर धरून भागत नाही. खुर्ची पूर्ण आडवी करून, डोकं टेकतं तिथे, तोंड वर करूनही धरायला हवा. दुसरं, पेशंटच्या तोंडातून निघून माझ्या नाकापर्यंतचा फूटभर प्रवास छतावरून होत नाही. तिथे हा दिवा काहीच करू शकत नाही. तिथे उपयोगी पडतो तो जाड तोंडाचा जोरदार सक्शन, रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा) आणि नाकावर घट्ट बसणारा मास्क. दिवा राखतो तो पुढच्या पेशंटला, बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला आणि दिवसभर त्याच खोलीत वावरणाऱ्या आम्हा लोकांना.

आमच्याकडे पावसाळ्याचाही प्रश्न असतो. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की या किरणाचा प्रभाव उतरायला लागतो. कोकणपट्टीत जूनपासून चार महिने काय अवस्था असते ते सांगायला नको. एसीमुळे खोली कोरडी होते ही इथे जमेची बाजू. आणि नळी म्हातारी होते. साधारण नऊ हजार तासांनी तिचा मारक किरण बराच कमी झालेला असतो, निळा उजेड मात्र तसाच दिमाखात चालू राहतो. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. शिवाय तिच्यावर धूळ बसली की किरण अडतो, म्हणून बंद करून, गार झाल्यावर, स्पिरिटच्या फडक्यानं पुसायची.

ज्यांना छतावरचा दिवा जमत नाही त्यांच्यासाठी बंद पेटीतलं यंत्र असतं: पंखा हवा आत ओढतो, आत दिवा, बाहेर सोडतो. डोळ्यांना धोका नाही. पण हवा पेटीतून अर्ध्या सेकंदात निघून जात असेल तर दिवा तेवढाच प्रखर हवा, आणि ‘९९.९ टक्के जंतू मारतो’ या वाक्याला अर्थ यायचा तर तासाला किती घनमीटर हवा आतून जाते हे कळायला हवं. दहा बाय दहाची खोली, उंची नऊ फूट, म्हणजे साधारण २५ घनमीटर. तासाला सहा वेळा हवा बदलल्याइतका परिणाम पाहिजे तर यंत्रातून दीडशे घनमीटर जायला हवी. मी विकायला आलेल्या एका तरुणाला हा आकडा विचारला तेव्हा त्यानं माहितीपत्रक दोनदा उलटं-सुलटं केलं आणि म्हणाला, "सर, यात सात रंगांची लाइटसुद्धा आहे."

अलीकडे २२२ नॅनोमीटरच्या दिव्यांची चर्चा आहे. हा किरण कातडीच्या वरच्या मृत थरात आणि डोळ्यावरच्या अश्रूंच्या पडद्यातच शोषला जातो, त्यामुळे माणसं असताना तो खाली पडू द्यायला मर्यादेत हरकत नाही असं मानतात. म्हणजे आजींची मूळ सूचना, कसलीही दुरुस्ती न करता! तोंड आणि नाक यांमधल्या त्या फूटभर हवेवरही तो पडू शकेल, म्हणून दंतवैद्यांचं त्याच्याकडे विशेष लक्ष आहे. पण तो हवेतल्या ऑक्सिजनपासून थोडा ओझोन तयार करतो, आणि बंद खोलीत ओझोन साठणं चांगलं नाही. फिरून पुन्हा खिडकीपाशीच.

माझ्या स्वतःच्या खोलीचं सांगायचं तर पहिला खर्च एक्झॉस्ट पंख्यावर केला, दुसरा सक्शनवर. मग टेप घेऊन उंची मोजली. जमीन ते छत सात फूट दहा इंच. छतावरचा दिवा लावायला किमान आठ फूट लागतात. स्लॅब खरं तर साडेनऊ फुटांवर आहे, पण बारा वर्षांपूर्वी हौसेनं पीओपीचं फॉल्स सीलिंग करून घेतलं होतं, गोल गोल नक्षीचं. दिवाळीच्या सुट्टीत ते काढायला माणूस येणार आहे.